असलेल्या तेलांचा साबण

साबण करायचं मनावर घेतलं त्या दिवशी घरात चार तेलं होती. खोबरेल अर्ध्या किलोच्या आसपास, सूर्यफुलाचं किलोभर, तिळाचं दीडशे ग्रॅम आणि एरंडेलाची एक छोटी बाटली. वहीत उतरवून घेतलेल्या कृतीत मात्र ऑलिव्ह, पाम आणि खोबरेल अशी तीन नावं होती. तिन्हींतलं एकच माझ्याकडे होतं. नवीन काही आणायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, कारण सगळा खटाटोप होता तोच मुळी या तेलांसाठी. ती जुनी होत चालली होती, एकेका बाटलीला कुबट वास येईल आणि मग ती ओतून द्यावी लागेल, हे मला नको होतं.

वहीतली कृती अशी होती: ऑलिव्ह २०० ग्रॅम, पाम १५० ग्रॅम, खोबरेल १५० ग्रॅम, म्हणजे एकूण ५०० ग्रॅम तेल. त्याला ७२ ग्रॅम कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, तेलाचा साबण करणारी जहाल अल्कली) आणि त्याच्या दुप्पट पाणी. खोबरेलाचं प्रमाण जास्त झालं तर साबण कातडी कोरडी करतो एवढं कुठेतरी वाचलेलं लक्षात होतं, म्हणून मी ते १०० ग्रॅमवर आणलं. उरलेली ४०० ग्रॅमची जागा सरळ सूर्यफुलाने भरली. एकूण वजन पाचशेचं पाचशेच राहिलं, तेव्हा कॉस्टिकही तेवढाच लागणार, असा माझा समज. तेल ते तेल, असंच मी धरून चालले होते.

कॉस्टिकची मात्र पहिल्यापासून धास्ती होती आणि ती असलीच पाहिजे. डोळ्यांवर चष्मा (साधा नव्हे, बाजूंनीही बंद असतो तसला), हातात कोपरापर्यंत येणारे रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, पायात बंद चपला. खिडकी सताड उघडी. घरातल्या लहानांना त्या खोलीत मज्जाव. भांडं स्टीलचं घेतलं. अॅल्युमिनियमचं भांडं इथे कधीच चालत नाही, कॉस्टिक ते खातो, भांडं काळं पडतं आणि वर हायड्रोजन वायू सुटतो. काचेचं भांडंही मी टाळते, कारण कॉस्टिक काच हळूहळू झिजवतो आणि गरम असताना ती कधी दगा देईल याचा नेम नसतो.

पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीही नाही, हे वाक्य मी वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवलं आहे. उलटं केलं तर पाणी एका जागी एकदम उकळून तोंडावर उडू शकतं. गार पाण्यात मी पांढरे पापुद्रे चमच्याचमच्याने सोडत गेले. आधी पाणी दुधासारखं गढूळ झालं. मग भांड्याच्या कडेपाशी हात नेला तर धग लागायला लागली. खाली चूल नाही, शेगडी नाही, आणि थर्मामीटरचा आकडा ऐंशीच्या वर चढलेला. नाकात झणका भरणारी वाफ आली तशी मी मान वळवून दोन पावलं मागे सरले. पाच-सात मिनिटांत गढूळपणा निवळून पाणी काचेसारखं स्वच्छ झालं. इतकं निर्मळ दिसणारं आणि इतकं जहाल पाणी मी त्याआधी हाताळलेलं नव्हतं. म्हणूनच त्या भांड्यावर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय मी खोलीतून पाऊल बाहेर टाकत नाही.

निवल्यावर ते पाणी कोमट तेलात ओतलं आणि रवीने, हातानेच घुसळायला घेतलं. अर्धा तास झाला, तासही झाला, तरी पातळ ते पातळच. घुसळणं थांबलं की वर पुन्हा तेलाचा थर दिसायचा. घुसळताना एक थेंब मोजाच्या वरच्या कडेतून मनगटावर आला. आधी काहीच जाणवलं नाही, मग तिथे बुळबुळीत लागलं, मग मुंगी चावल्यासारखं झोंबायला लागलं. मोजा काढून मनगट नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरलं, चांगलं पंधरा मिनिटं. अशा वेळी व्हिनेगर लावतात असं मी ऐकून होते, पण ते चुकीचं आहे. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निर्माण होते आणि ती भाजलेल्याच जागेवर होते. कातडीवर पडलेल्या कॉस्टिकला वाहतं पाणी, भरपूर आणि बराच वेळ, एवढाच उपाय.

दीड तासाने एकदाचा ट्रेस आला. रवी उचलली की तिच्यावरून गळणारी धार वरच्या वर क्षणभर उमटून राहते, रेघ ओढल्यासारखी, त्याला ट्रेस म्हणतात. तेल आणि पाणी आता पुन्हा वेगळं होणार नाही, याची ती खूण. साच्यात ओतलं, वर टॉवेल गुंडाळला आणि सकाळची वाट बघत बसले.

सकाळी साबण मऊ होता. दुसऱ्या दिवशीही बोट दाबलं की खळगा पडत होता. चौथ्या दिवशी कसाबसा कापला. त्याची चकती ओल्या बोटाने चोळून बोट जिभेच्या टोकाला लावलं तर विजेच्या छोट्या सेलला जीभ लावल्यावर बसतो तसा चटका बसला. साबण तयार झाला की नाही हे बघण्याची ही जुनी रीत आहे. चटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे असं समजायचं.

माझी ताई रसायनशास्त्र शिकलेली. तिला फोन करून म्हटलं, "अगं, वजन बरोबर होतं, ७२ ग्रॅमच टाकला होता."

"वजन नंतर. तेल कुठलं घेतलंस ते आधी सांग."

सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे कृती एका तेलांची आणि साबण दुसऱ्याच तेलांचा. वही घे, आपण मांडून बघू."

त्या दिवशी फोनवर जे मांडलं त्यावर माझे पुढचे सगळे साबण उभे आहेत. प्रत्येक तेलाचा स्वतःचा एक आकडा असतो. एक ग्रॅम तेलाचा पुरता साबण व्हायला किती ग्रॅम कॉस्टिक सोडा लागेल, तो हा आकडा. खोबरेलाचा ०.१८३, पामचा ०.१४२, ऑलिव्हचा आणि सूर्यफुलाचा ०.१३५ च्या आसपास, तिळाचा ०.१३४, एरंडेलाचा ०.१२८. निरनिराळ्या तक्त्यांत तिसऱ्या दशांश स्थळावर थोडा फरक सापडतो, पण क्रम हाच. म्हणजे तेवढ्याच वजनाचं खोबरेल सूर्यफुलापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कॉस्टिक खातं.

का खातं, हे ताईने समजावलं तेव्हा तो आकडा पाठ करायची गरजच उरली नाही. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला लटकलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिकचे तीन रेणू येतात, ती तीन आम्लं सोडवून घेतात, त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं पडतं. खोबरेलातलं मुख्य आम्ल लॉरिक, त्याची साखळी बारा कार्बनची, आखूड. सूर्यफुलातली बहुतेक आम्लं अठरा कार्बनची, लांब. साखळ्या आखूड असल्या की तेवढ्याच वजनात रेणू जास्त मावतात आणि रेणू जास्त म्हणून कॉस्टिकही जास्त. तेल म्हणजे आम्लं आणि ग्लिसरीन यांची जोडणी आहे हे फ्रान्समधल्या मिशेल युजेन शेव्रल यांच्या संशोधनातून पुढे आलं, ते संशोधन १८२३ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी शतकानुशतकं लोक हे आकडे न मांडता, हाताच्या अंदाजावर साबण करत होते. त्यांच्या त्या अंदाजाबद्दल मला आता फार आदर वाटतो.

मग माझा साबण मांडला. मूळ कृतीतल्या तेलांना पूर्ण कॉस्टिक लागला असता ७५.७५ ग्रॅम. कृती लिहिणाऱ्याने त्यातून पाच टक्के कमी करून ७२ लिहिला होता. ही पाच टक्के सूट मुद्दाम ठेवतात, म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच राहतं, कातडीला मऊ लागतं आणि मोजण्यात उन्नीस-बीस झालं तरी कॉस्टिक शिल्लक राहत नाही. तिला सुपरफॅट म्हणतात. आता माझी तेलं: खोबरेल १०० गुणिले ०.१८३ म्हणजे १८.३, सूर्यफूल ४०० गुणिले ०.१३५ म्हणजे ५४. बेरीज ७२.३. मी टाकला ७२. म्हणजे सूट जवळपास संपलेलीच. त्यातून तेल मोजलेल्या वाडग्याच्या कडांना दहा-एक ग्रॅम तेल चिकटून राहिलं होतं, ते भांड्यात पडलंच नव्हतं.

तरीही एवढ्याने जिभेला इतका चटका बसायला नको होता, म्हणून वजनकाट्याकडे वळले. मिठावर प्रयोग केला. चिमटीचिमटीने मीठ सोडत काटा ७२ दाखवेपर्यंत गेले, मग वाटी उचलून पुन्हा ठेवली. काटा ७५ वर! फार हळू टाकलेलं वजन हा काटा धरतच नव्हता. कॉस्टिक मी भीतभीत, असाच चिमटीचिमटीने टाकला होता. तीन ग्रॅम इथे, एक-सव्वा ग्रॅम त्या वाडग्यात, असा हिशेब लागला. तेव्हापासून मी कॉस्टिक मोजून झाला की वाटी उचलून दोनदा परत ठेवते आणि दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच पुढे जाते.

तो साबण टाकला नाही. मोजे घालून किसला, स्टीलच्या भांड्यात घालून ते भांडं उकळत्या पाण्यात ठेवलं, थोडं पाणी आणि ४० ग्रॅम सूर्यफूल तेल घालून दीड तास ढवळत राहिले. चाळीस ग्रॅम सूर्यफूल ५.४ ग्रॅम कॉस्टिक घेतं, म्हणजे शिल्लक असलेला चार-एक ग्रॅम संपून थोडं तेल उरेल असं गणित होतं. खळीसारखं दाट, अर्धपारदर्शक झालं तेव्हा जिभेला लावून बघितलं. चटका गेला होता. साच्यात चमच्याने दाबून भरलं. दिसायला ओबडधोबड, पण साबण झाला.

दुसऱ्या खेपेला मी कृती शोधलीच नाही. चार बाटल्या ओळीने मांडल्या आणि या चौघांकडून काय मिळेल ते बघितलं. खोबरेलातली आखूड आम्लं साबण टणक करतात आणि फेस भराभर आणतात, मोठमोठे बुडबुडे, अगदी खाऱ्या पाण्यातसुद्धा. पण तीच आम्लं कातडीवरचं तेलही तितक्याच झपाट्याने ओढतात. सूर्यफूल त्याच्या उलट, स्वभावाने सौम्य. मात्र त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर, त्यामुळे साबण मऊ राहतो आणि लवकर खवट होतो. साबणात ऐंशी टक्के सूर्यफूल घालणं किती चुकलं होतं ते इथे उमगलं. साबण मऊ राहण्याचं कारण कॉस्टिकमध्ये नव्हतंच, तेलात होतं. तीळ मधला, आणि खवट व्हायला जरा नेटाने विरोध करणारा, कारण त्यात सेसमॉलसारखी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं मुळातच असतात. एरंडेल या सगळ्यांहून निराळं. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल दुसऱ्यांच्या फेसाला धरून ठेवतं, बुडबुडे दाट आणि टिकाऊ होतात. पण ते दहा टक्क्यांच्या पलीकडे नेलं तर साबण चिकट व्हायला लागतो.

ऑलिव्ह नाही, पाम नाही, याची रुखरुख इथे संपली. जगातल्या नावाजलेल्या साबणांकडे बघितलं तर ते तेलांच्या लांबलचक याद्यांतून आलेले नाहीत. स्पेनमधला कॅस्टाइल साबण मुळात एकट्या ऑलिव्हचा. सीरियातल्या अलेप्पोचा ऑलिव्ह आणि लॉरेल (एक सुगंधी पानांचं झाड) अशा दोनच तेलांचा. फ्रान्समधल्या मार्सेच्या साबणासाठी तर १६८८ साली चौदाव्या लुईच्या राजवटीत फर्मानच निघालं होतं की ऑलिव्हखेरीज दुसरी चरबी वापरायची नाही. जे तेल हाताशी त्याचा स्वभाव ओळखून, त्याच्या कलाने घेऊन त्या लोकांनी काम केलं. ऑलिव्हचा साबण मऊ असतो म्हणून त्यांनी तो महिनोन्‌महिने वाळवला, कृती बदलत बसले नाहीत.

माझ्या चौघांचं मी असं ठरवलं: खोबरेल ३०० ग्रॅम, तीळ १००, सूर्यफूल ५०, एरंडेल ५०. कॉस्टिक लागणार अनुक्रमे ५४.९, १३.४, ६.७५ आणि ६.४ ग्रॅम, बेरीज ८१.४५. खोबरेल साठ टक्के, म्हणजे कोरडेपणाची भीती होतीच, म्हणून सूट पाचऐवजी आठ टक्के धरली. ८१.४५ चे ब्याण्णव टक्के म्हणजे ७४.९, सोयीसाठी ७५ ग्रॅम. पाणी दुप्पट, १५० ग्रॅम. गणित ताईला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "कर. आणि तेल ज्या भांड्यात घुसळणार त्यातच मोज." वाडग्याला चिकटलेलं तेल तिच्या लक्षात राहिलं होतं.

या वेळी सगळंच वेगाने झालं, आणि तयारी झालेली होती म्हणून बरं. तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही चाळीस अंशांच्या जवळ आणलं. खोबरेल गारठ्यात थिजतं, म्हणून त्याहून फार खाली जाऊ दिलं नाही. तेलच थिजायला लागलं तर मिश्रण दाट दिसतं आणि ट्रेस आल्याचा भास होतो, मग साच्यात पाणी आणि तेल वेगळं होतं. हँड ब्लेंडर मिळाला होता. तो भांड्याच्या तळाला टेकवून, आत अडकलेली हवा तिरका करून बाहेर काढून, मगच चालू केला. थोडा वेळ फिरवायचा, मग बंद करून त्यानेच ढवळायचं, मग पुन्हा फिरवायचा. सलग फिरवला तर ट्रेस कधी येऊन गेला हे कळतही नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला रंग बदलला. पिवळसर, चकाकणारं तेल एकदम फिकट, निस्तेज झालं, धार वरती उमटून राहिली. घड्याळात बघितलं तर सहा मिनिटं झाली होती. पहिल्या खेपेला दीड तास लागला होता. ब्लेंडरचा हात होताच, शिवाय एरंडेलही ट्रेस लवकर आणतं.

वासासाठी काही घातलं नाही. काही सुगंधी तेलांनी मिश्रण भांड्यातच घट्ट बसतं असं वाचलं होतं आणि या खेपेला मला फक्त तेलांचा स्वभाव बघायचा होता.

साच्यात ओतून दोन तासांनी टॉवेल उचलून डोकावले. मधोमध एक गडद, ओलसर, आरपार दिसेलसा डाग पडला होता आणि तो हळूहळू कडांकडे पसरत होता. हात जवळ नेला तर साचा चांगलाच गरम लागला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल साबण फाटला, पण ही जेलची अवस्था असते. साबणीकरणात उष्णता निघते, ती मध्यभागी साठते आणि तिथला साबण आधी पारदर्शक होऊन मग पुन्हा पांढरा होतो. मी टॉवेल तसाच ठेवला. दर अर्ध्या तासाने जाऊन बघत होते, तो डाग कडेला टेकेपर्यंत.

कापायला मात्र थोडा उशीर झाला. खोबरेलाचा साबण लवकर दगड होतो, तो पाच-सहा तासांत, किंचित कोमट असतानाच कापावा. मी दहाव्या तासाला सुरी लावली. पहिल्या तीन वड्या नीट निघाल्या. चौथीला सुरी अर्ध्यात गेली आणि टच्‌ असा आवाज होऊन कोपरा उडाला. कापलेली बाजू बघितली. हस्तिदंती पांढरी, आतून एकसारखी, तेलाचा थेंब नाही की पांढरा खडा नाही. बोटाने दाबलं तर खळगा पडला नाही. मी ती वडी हातात धरून किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही.

सात वड्या झाल्या आणि उडालेले तुकडे. त्या जाळीवर, एकमेकींना न टेकता, हवेशीर पण उन्हापासून लांब ठेवल्या. तिसऱ्या दिवशी वरच्या बाजूला पांढरी भुकटी दिसली. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी कॉस्टिकची गाठ पडली की वर सोडियम कार्बोनेट धरतं, तीच ही. ओल्या फडक्याने पुसली की जाते, साबणाला अपाय नाही.

मग सहा आठवडे थांबायचं. साबण होण्याचं काम पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकलेलं असतं, उरलेले दिवस पाणी उडून जायला आणि साबण आतून घट्ट बसायला लागतात. थांबणं मला सोपं जात नाही, म्हणून एका वडीचं वजन दर रविवारी वहीत लिहीत गेले. कापली त्या दिवशी १०४ ग्रॅम. पुढच्या रविवारी ९८, मग ९५, ९३, ९२, ९१. सहाव्या रविवारी पुन्हा ९१. वजन उतरायचं थांबलं, तेव्हा मीही थांबले.

मधल्या काळात एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं की पीएचच्या पट्टीवर सात आला तरच साबण वापर. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की इथे लिहायलाच हवं. तेलापासून केलेल्या खऱ्या साबणाचा पीएच नऊ ते दहाच्या आसपासच असतो, तो सातवर आणायला गेलं तर साबण मोडून पुन्हा मेदाम्लं सुटतात. कॉस्टिक शिल्लक आहे का हे बघायला जिभेची चाचणी पुरते, आणि मुळात गणित आणि वजन बरोबर असेल तर तीही फक्त खात्रीपुरती.

सहाव्या रविवारी ती वडी नळाखाली धरली. दोनदा हात फिरवला तेवढ्यात फेस आला. आधी मोठे, विरळ बुडबुडे, खोबरेलाचे. चोळत राहिले तसे ते बारीक आणि दाट होत गेले, बोटांच्या फटींतून हळू उतरत होते. ते एरंडेलाचं काम. हात धुतल्यावर कातडी स्वच्छ वाटली, थोडी ताठ, पण ओढल्यासारखी नाही. आईचे हात कोरडे पडतात, तिला दिली तेव्हा ती म्हणाली, "चांगला आहे, पण मला अजून जरा सौम्य हवा." तिचं बरोबर होतं. साठ टक्के खोबरेल तिच्या हातांना जास्तच झालं.

पहिल्या खेपेचा ओबडधोबड साबण त्याच सुमारास पुन्हा बाहेर काढला. अडीच महिन्यांत त्याच्यावर नारिंगी ठिपके उठले होते आणि वासही जुन्या तेलाचा. सूर्यफूल खवट झालं होतं. तो मी आता फरशी पुसायच्या फडक्यांना लावते. दुसऱ्या खेपेच्या शेवटच्या वडीवर आठ महिन्यांनीही एक ठिपका नाही.

आता खोबरेल संपलं आहे, तीळ ५० ग्रॅम, एरंडेल जेमतेम ३० आणि सूर्यफूल पाचशेच्या वर. आईसाठी सौम्य साबण करायचा तर खोबरेल कमी करावं लागणार, पण सूर्यफूल वाढवलं तर पुन्हा तेच ठिपके. ताईकडे राइस ब्रॅन तेलाची न फोडलेली पिशवी पडून आहे, ती म्हणाली घेऊन जा. त्याच्यातही लिनोलेइक आहे, पण सूर्यफुलाच्या जवळपास निम्मंच. थोडं खोबरेल टणकपणापुरतं तिच्याकडूनच घेईन. वहीचं नवीन पान काढलं आहे, वर चार तेलांची नावं लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचा आकडा. गुणाकार रात्री करीन, आई झोपल्यावर.